शंका-समाधान : संगणकाच्या हुकमावर चालणारी ट्रेडमिल

मागच्या अंकात माणसाच्या चालीचा अभ्यास करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रेडमिलची ओळख करून दिली होती. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळून फक्त गाव ठेवलं आहे.

प्रश्न : प्रकल्पासाठी आम्ही जिममधली जुनी, मोठी ट्रेडमिल घेतली. मोटार थ्री-फेज आहे आणि तिला डेल्टा कंपनीचा व्हीएफडी (विजेची वारंवारिता बदलून मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवला आहे. लॅपटॉपवरून पायथनने वेग बदलायचा आहे. ड्राइव्ह हुकूम ऐकतो, पण आम्ही सांगितलेला वेग आणि पट्ट्याचा खरा वेग जुळत नाही. माणूस वर चढला की फरक आणखी वाढतो.
— अभियांत्रिकीचे विद्यार्थी, नांदेड

उत्तर : ड्राइव्ह ऐकतोय म्हणजे जोडणी बरोबर आहे. तरी हीच जोडणी करू पाहणाऱ्या इतरांसाठी ती थोडक्यात सांगतो. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये चालू-बंदचा आदेश आणि वारंवारिता, दोन्हींचा स्रोत आरएस-४८५ (तारेवरून संदेश नेणारी जोडणी) निवडायचा. मॉडबस आरटीयू या संदेशपद्धतीने २००१ हेक्स (सोळाच्या पायावरचा क्रमांक) या रजिस्टरमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या स्मृतीतल्या रकान्यात, वारंवारिता शंभरपट करून लिहायची, म्हणजे २५ हर्ट्झसाठी २५००. २००० हेक्समध्ये १२ हेक्स, म्हणजे दशमानात १८ लिहिलं की मोटार सुलट फिरते आणि १ लिहिलं की थांबते. ड्राइव्ह प्रत्यक्षात किती वारंवारिता देतोय ते २१०३ हेक्समध्ये वाचता येतं. ड्राइव्हवरचं सॉकेट लॅनच्या सॉकेटसारखं दिसलं तरी ते इथरनेट नव्हे. काही पिनांवर व्होल्टेज असतं, त्यामुळे लॅपटॉपच्या लॅन पोर्टला ते कधीही जोडू नका. मध्ये यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर हवाच.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही पाठवता ती वारंवारिता, वेग नव्हे. वारंवारितेपासून पट्ट्यापर्यंत पोचेपर्यंत तीन ठिकाणी गळती होते.

पहिली गळती मोटारीतच. चार पोलच्या मोटारीचं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झला मिनिटाला १५०० फेरे फिरतं, पण मोटारीच्या पाटीवर बहुधा १४४० च्या आसपासचा आकडा असतो. ही चार टक्क्यांची घसर पूर्ण भाराची आहे. रिकाम्या पट्ट्यावर ती जवळपास नसते, माणूस चढला की वाढते. माणूस चढल्यावर वाढणारा फरक मुख्यतः हाच.

दुसरी गळती हिशेबातली. रोलर ६० मिलिमीटर व्यासाचा आणि मिनिटाला ४०० फेरे, तर वेग सेकंदाला १.२५७ मीटर, असं गणित बहुतेक जण करतात. पण पट्ट्याला जाडी असते. पट्टा २ मिलिमीटर जाड असेल तर हिशेबाचा व्यास ६२ धरायचा, कारण वेग ठरतो तो पट्ट्याच्या जाडीच्या मध्यरेषेवर. मग उत्तर १.२९९ येतं, म्हणजे सुमारे ३.३ टक्के जास्त.

तिसरी गळती घसरण्याची. मोटारीचा व्ही-बेल्ट ढिला असेल किंवा पुढच्या रोलरवर पट्टा गुळगुळीत झाला असेल, तर टाच टेकताच पट्टा क्षणभर अडखळतो.

म्हणून आधी खरा वेग मोजा. पट्ट्याच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीची खूण लावा. पट्ट्याची पूर्ण लांबी टेपने मोजा, रोलरांमधल्या अंतरावरून अंदाज काढू नका. समजा लांबी ३.२० मीटर भरली. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण करा आणि वीस फेऱ्यांना लागलेला वेळ काढा. ५१.२ सेकंद लागले तर ६४ मीटर भागिले ५१.२, म्हणजे सेकंदाला बरोबर १.२५ मीटर. असे पाच वेग घ्या. प्रत्येक वेग एकदा रिकाम्या पट्ट्यावर मोजा आणि एकदा साठ-सत्तर किलोचा माणूस चालताना. पाठवलेली वारंवारिता आणि मोजलेला वेग यांचं कोष्टक करा आणि प्रोग्रॅममध्ये भारासहितच्या मोजमापाची रेषा वापरा.

यातून सरासरी वेग जुळेल. प्रत्येक पावलागणिक येणारा अडखळा मात्र कोष्टकाने जाणार नाही. त्यासाठी मागच्या मोकळ्या रोलरवर एन्कोडर (प्रत्येक फेऱ्याला ठरावीक विद्युत-ठोके, म्हणजे पल्स, देणारा सेन्सर) बसवा. मोटारीच्या शाफ्टवर बसवलात तर बेल्टची घसर त्याला दिसणारच नाही. फेऱ्यामागे ६०० पल्सचा एन्कोडर हिशेबाचा व्यास ६२ मिलिमीटर असलेल्या रोलरवर असेल तर सेकंदाला १.२५ मीटर वेगाला सुमारे ३८५० पल्स येतात. दर १० मिलिसेकंदांना मोजाल तर हाती ३८ पल्स, आणि एका पल्सची चूक अडीच टक्क्यांची. ५० मिलिसेकंदांची खिडकी घेतलीत तर चूक अर्ध्या टक्क्यावर येते, पण अडखळा पुसट दिसतो. सरासरी वेग हवा असेल तर रुंद खिडकी, पावलातला चढउतार हवा असेल तर जास्त पल्सचा एन्कोडर. दोन्ही एकाच स्वस्त एन्कोडरमधून मागू नका.

ड्राइव्हमधला वेग वाढवण्याचा वेळ शून्यापासून कमाल वारंवारितेपर्यंतचा असतो, तुमच्या लक्ष्यापर्यंतचा नव्हे. ५० हर्ट्झला सेकंदाला ४ मीटर वेग येत असेल आणि तो वेळ २० सेकंद ठेवला असेल, तर त्वरण ०.२ (दर सेकंदाला वेगात ०.२ मीटर प्रति सेकंदाची वाढ) येतं आणि १.२ मीटर वेग गाठायला ६ सेकंद लागतात. चालण्यासाठी एवढं ठीक. थांबण्याचा वेळ फार कमी ठेवू नका. पट्टा आणि माणूस मिळून मोटारीलाच फिरवायला लागतात, ती ऊर्जा ड्राइव्हमध्ये परत येते, ब्रेकिंग रेझिस्टर नसेल तर ड्राइव्ह ओव्हर-व्होल्टेज दाखवून ट्रिप होतो आणि मोटार मोकळी सुटते. लवकर थांबवायला जावं आणि ताबाच जावा, असा प्रकार.

एक इशारा. बहुतेक घरगुती ट्रेडमिलमध्ये डीसी मोटार आणि साधं कंट्रोल बोर्ड असतं. त्या बोर्डाचा ग्राउंड बहुधा मेन्सपासून वेगळा केलेला नसतो. ऑर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम-बोर्डाची तार थेट तिथे लावली तर लॅपटॉपच्या पत्र्यावर जिवंत वीज येऊ शकते. मध्ये ऑप्टोकपलर (दोन बाजू विजेने न जोडता प्रकाशाने संकेत नेणारा भाग) नसेल तर त्या बोर्डाला काहीही जोडू नका.

प्रश्न : आमच्याकडे बर्टेक कंपनीची दोन पट्ट्यांची ट्रेडमिल आहे. तिच्या सॉफ्टवेअरला नेटवर्कवरून हुकूम देता येतो म्हणतात. आम्ही पॅकेट पाठवलं की काहीच होत नाही. एकदा झालं तेव्हा पडद्यावरचा वेग उशिरा बदलताना दिसला.
— फिजिओथेरपी विभाग, लातूर

उत्तर : आधी त्या सॉफ्टवेअरमध्ये रिमोट कंट्रोलची परवानगी सुरू आहे का बघा. तुमचा प्रोग्रॅम ट्रेडमिलशी नव्हे, त्या सॉफ्टवेअरशी बोलतो, टीसीपीच्या ४००० क्रमांकाच्या पोर्टवर. परवानगी बंद असेल तर तुमचं पॅकेट कुणाच्याच दारात जात नाही.

पॅकेट ६४ बाइटचं असतं. पहिला बाइट स्वरूपाचा, शून्य. पुढे दोन-दोन बाइटचे नऊ आकडे : चार वेग, चार त्वरणं आणि चढ. वेग मिलिमीटर प्रति सेकंदात, आधी उजवा, मग डावा. नंतर याच अठरा बाइटचा पूरक, म्हणजे प्रत्येक बाइट २५५ मधून वजा करून. उरलेले सत्तावीस शून्य.

बहुतेकांची चूक बाइटच्या क्रमात होते. १२५० हा आकडा ४ आणि २२६ अशा दोन बाइटमध्ये जातो, मोठा आधी. त्याचे पूरक २५१ आणि २९. प्रत्येक जोडीची बेरीज २५५ आली पाहिजे, हे पाठवण्याआधी छापून बघा. आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर मात्र लहान बाइट आधी ठेवतो. तसंच पाठवलंत तर २२६, ४ जातं, आणि चिन्हासहित वाचलं की ते उणे ७६७६ होतं. म्हणजे उलट दिशेला सेकंदाला साडेसात मीटरहून जास्त! चालण्याच्या कुठल्याही अभ्यासाला हा वेग लागत नाही. तेव्हा तुमच्या प्रोग्रॅममध्ये पाठवण्याच्या अगदी शेवटच्या ओळीआधी एक कुंपण घाला : वेग शून्याखाली किंवा २००० च्या वर असेल तर पॅकेट जाऊच द्यायचं नाही. त्वरणाचे रकानेही रिकामे सोडू नका.

उशिरा दिसणाऱ्या वेगाचं कारण वेगळं आहे. ते सॉफ्टवेअर ३२ बाइटची उत्तरं सतत पाठवत राहतं. तुम्ही अधूनमधून एकच उत्तर वाचता, ते रांगेतलं सगळ्यात जुनं असतं. रांग वाढत जाते आणि काही मिनिटांनी तुम्ही भूतकाळ वाचत बसता. वाचताना रांगेतली सगळी पूर्ण पॅकेटं काढा आणि शेवटचं वापरा.

पहिली चाचणी रिकाम्या पट्ट्यावर, एकाच बाजूला सेकंदाला ०.२ मीटर देऊन घ्या. डावा-उजवा उलटा लागलेला असेल तर तिथेच कळेल. दोन पट्ट्यांचे वेग वेगळे ठेवण्याच्या प्रयोगात, उदाहरणार्थ ०.५ आणि १.० मीटर, डावं-उजवं उलटलं तर पुढची सगळी आकडेवारी उलटी होते आणि ते महिनाभर लक्षातही येत नाही.

प्रश्न : आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही. संगणक यूपीएसवर आहे, ट्रेडमिल थेट मेन्सवर. चालू प्रयोगात लाइट गेली तर सॉफ्टवेअरने काय करावं?
— परभणी

उत्तर : लाइट जाण्यापेक्षा परत येण्याला जास्त भ्या.

लाइट गेल्यावर मोटार मोकळी होते. सपाट पट्ट्यावर माणसाच्या वजनाच्या घर्षणाने पट्टा लवकर थांबतो. चढ दिलेला असेल तर मात्र माणसाचं वजनच पट्ट्याला मागे ढकलत राहतं. म्हणून लाइट जायची शक्यता असेल तिथे चढाचे प्रयोग हार्नेसशिवाय (माणूस पडू नये म्हणून छताला बांधलेल्या पट्ट्यांशिवाय) करू नयेत.

इकडे संगणक यूपीएसवर जिवंत आहे. अनेक जण प्रोग्रॅममध्ये "जोडणी तुटली तर पुन्हा जोड" असा तुकडा हौसेने लिहितात. पाच सेकंदांत लाइट आली, ट्रेडमिल उठली, प्रोग्रॅम जोडला गेला आणि त्याने लक्षात ठेवलेला शेवटचा वेग पाठवला. तोपर्यंत माणूस पट्ट्यावर उभा राहून बूट नीट करत असतो.

जोडणी कुठल्याही कारणाने तुटली की लक्ष्य-वेग शून्य करायचा आणि प्रोग्रॅम कुलूपबंद अवस्थेत न्यायचा. पुन्हा जोडणी झाली तरी कुलूप आपोआप उघडणार नाही. माणूस कडेच्या स्थिर फळ्यांवर उभा आहे हे बघून चालवणाऱ्याने हाताने बटण दाबायचं. ड्राइव्हमध्ये लाइट आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा. आयएसओ १३८५० या मानकाचं आणीबाणीच्या बटणाबद्दल हेच म्हणणं आहे : बटण मोकळं केल्याने यंत्र सुरू होता कामा नये.

उलट बाजूने, संगणक गोठला तर ट्रेडमिलला कळलं पाहिजे. दर १०० मिलिसेकंदांना संगणकाने हजेरी द्यायची आणि ५०० मिलिसेकंद हजेरी आली नाही तर ट्रेडमिलने सावकाश थांबायचं. व्हीएफडीमध्ये संपर्क तुटल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं. ते सुरुवातीला बंद असू शकतं, म्हणून आधी तपासा आणि मग पट्टा रिकामा चालवून केबल खरोखर उपटून बघा. आणीबाणीचं लाल बटण तर सॉफ्टवेअरमधून जाताच कामा नये. ते तारेने थेट ड्राइव्हला किंवा कॉन्टॅक्टरला लागलेलं असावं.

थ्री-फेज ट्रेडमिल असेल तर एक फेज जाण्याचाही विचार करा. शेतातल्या पंपाच्या मोटारीला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावतात ना, त्याच कारणासाठी ड्राइव्हचं इनपुट फेज-लॉस संरक्षण चालू ठेवा. सर्व्हो स्टॅबिलायझर व्होल्टेज सावरतो, गेलेली लाइट आणत नाही. आणि मध्ये लाइट गेलेली चाचणी रद्द समजा, दोन तुकडे जोडून एक करू नका.

प्रश्न : सॉफ्टवेअरमध्ये चढ १० टाकला. ट्रेडमिलवर ५.७ दिसतं. बिघाड आहे का?
— जालना

उत्तर : नाही. तुम्ही टक्के टाकले, ट्रेडमिल अंश दाखवते. १० टक्के चढ म्हणजे ५.७१ अंश. निबंधात एकक लिहायला विसरू नका.

प्रश्न : कमरेवरच्या मार्करवरून (कॅमेऱ्यांनी टिपायच्या खुणेवरून) माणूस पुढे सरकला की पट्टा वेग घेतो, मागे राहिला की कमी करतो, अशी व्यवस्था केली. पण माणूस एका लयीत चालतच नाही. साधारण बारा-तेरा सेकंदांनी पुढे-मागे झोके खातो.
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बारा-तेरा सेकंदांचा आकडा दिलात ते फार बरं केलं. तुम्ही बहुधा मध्यापासूनच्या अंतराला ०.२५ ने गुणून तेवढं त्वरण पट्ट्याला देता, आणि बाकी काही नाही.

अंतराच्या प्रमाणात त्वरण म्हणजे स्प्रिंगच झाली. तिला दाबायला काही नसेल तर झोका थांबत नाही. ०.२५ या गुणकाला झोक्याचा काळ २π भागिले ०.२५ चं वर्गमूळ, म्हणजे १२.६ सेकंद. माणूस बरोबर चालत होता, झोका तुमच्या सूत्राचा आहे.

उपाय म्हणजे माणसाच्या पुढे-मागे सरकण्याच्या वेगालाही गुणक द्यायचा. त्वरण = ०.२५ × अंतर + १.० × सरकण्याचा वेग. या जोडीला झोका न येता माणूस मध्यावर स्थिरावतो, कारण दुसरा गुणक पहिल्याच्या वर्गमुळाच्या दुप्पट आहे. पहिला बदललात तर दुसराही त्याच नात्याने बदला.

पण सरकण्याचा वेग कच्च्या मार्करवरून काढू नका. सेकंदाला १०० फ्रेम असतील तर मार्करची १ मिलिमीटरची थरथर सेकंदाला ०.१ मीटरचा खोटा वेग दाखवते. २ हर्ट्झचा साधा लो-पास फिल्टर (जलद थरथर गाळणारा) लावा. त्याने सुमारे ८० मिलिसेकंदांचा उशीर येतो आणि तेवढा चालतो. त्याहून जड फिल्टर लावाल तर उशीर वाढून झोका परत येईल. मध्याच्या अलीकडे-पलीकडे ५ सेंटिमीटरपर्यंत अंतराचा गुणक शून्य ठेवा, म्हणजे प्रत्येक पावलातल्या स्वाभाविक हेलकाव्याला पट्टा दाद देणार नाही. एकूण त्वरणाला ०.२५ ची मर्यादा घाला.

मार्कर झाकला गेला तर काही प्रणाली ०, ०, ० पाठवतात. तुमचा प्रोग्रॅम समजतो की माणूस एका क्षणात मूळबिंदूवर गेला आणि पट्टा उसळतो. तिन्ही आकडे नेमके शून्य आले तर तो मार्कर नाही असं धरा. त्वरण शून्य करा, आणि अर्ध्या सेकंदात मार्कर परत आला नाही तर हळूहळू थांबवा.

प्रश्न : ऊसतोड कामगार डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. त्यांच्या पाठीचा आणि गुडघ्याचा अभ्यास ट्रेडमिलवर करायचा आहे. चढ आणि वेगाचा कार्यक्रम कसा बसवावा?
— बीड

उत्तर : विषय मोलाचा आहे, पण फळीचा भाग ट्रेडमिलवर होणार नाही. तीन मीटरच्या फळीने १.२ मीटर उंची गाठायची तर कोन २३.६ अंश होतो, म्हणजे जवळपास ४४ टक्के चढ. सर्वसाधारण ट्रेडमिल १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साडेआठ अंशांपर्यंत जाते. शिवाय फळी पावलाखाली लवते, पट्टा लवत नाही. फळीचा अभ्यास खऱ्या फळीवर, खाली गाद्या टाकून आणि अंगावर बसवायचे सेन्सर लावून करा. फडातून ट्रकपर्यंतची सपाट चाल मात्र ट्रेडमिलवर चांगली अभ्यासता येईल.

तिथे पहिली अडचण हार्नेसची. दोरी छताच्या मध्यातून डोक्यावर येते आणि मोळी नेमकी तिथेच असते. दोरी मोळीला घासली की भार दोरीवर जातो आणि तुमची मोजमापं फसतात. मोळीच्या लांबीपेक्षा रुंद आडवी दांडी छताला लावा आणि तिच्या दोन टोकांवरून दोन पट्टे खांद्यांच्या बाजूंना आणा. खरा ऊस वापरलात तर वाळून वजन रोज बदलेल. त्याऐवजी नळीत वाळू भरून ठरलेल्या वजनाची मोळी करा आणि ती कापडाने गुंडाळा.

वेग सगळ्यांना एकच देऊ नका. पायाची लांबी मोजा. वेग = ०.२ × ९.८१ × पायाची लांबी, याचं वर्गमूळ. पाय ०.८० मीटर असेल तर १.२५, ०.९० असेल तर १.३३. आधी प्रत्येकाला भाराशिवाय दहा मिनिटं चालू द्या. ज्याने आयुष्यात ट्रेडमिल पाहिली नाही त्याची पहिली काही मिनिटं भीतीची असतात, चालीची नव्हे. भार डोक्यावर असताना वस्तुमान उंचावर असतं, म्हणून वेग वाढवण्या-कमी करण्याचं त्वरण ०.१ च्या वर नेऊ नका. "थांबवा" म्हणायचा खुणेचा शब्द मराठीतच ठरवा आणि बटणापाशी बसणाऱ्याने पडद्याकडे नव्हे, माणसाकडे बघावं.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यात ट्रेडमिल चालू असताना ईएमजीमध्ये (स्नायूंच्या विद्युत-संकेतांच्या नोंदीत) खूप गोंगाट येतो आणि यूएसबीची जोडणी मध्येच तुटते. पावसाळ्यात हाच संच नीट चालतो.
— धाराशिव

उत्तर : अर्थिंगचा खड्डा बघा. उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळते, इलेक्ट्रोडभोवतीचा ओलावा जातो आणि अर्थचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी सोडा, आणि रोध इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरवर पाण्याआधी आणि नंतर मोजून घ्या. यूएसबी तुटण्याचं कारण बहुधा स्थिर वीज. कोरड्या हवेत पट्टा फळीवर घासून भार साठवतो, माणूस रेलिंगला हात लावतो आणि ठिणगी यूएसबीच्या तारेतून जाते. रेलिंग आणि ट्रेडमिलची चौकट अर्थला पक्की जोडा, पट्ट्याखाली उत्पादकाने सांगितलेलं सिलिकॉन तेल द्या आणि खोलीत कूलर लावा. कूलर ट्रेडमिलच्या सर्किटवर मात्र नको. मोटारीची तार शील्डेड घ्या आणि ईएमजीच्या तारा तिला समांतर न नेता काटकोनात ओलांडा.